वेगवेगळ्या हातांच्या भाकरी

सावळीराम निकाळे आणि मी सातपूरच्या एका फोर्जिंग कारखान्यात एकाच हॅमरवर होतो. लाल झालेला लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, सांडशीत धरून खालच्या साच्यावर, डायवर, ठेवायचं काम त्याचं; पेडल दाबून वरचा घण खाली आणायचं काम माझं. त्याचा हात बाहेर आला की नाही हे मी बघायचं, आणि मी बघतोय यावर त्यानं भरवसा ठेवायचा. अशा जोडीत माणूस कळतो. तेव्हा त्याच्याबद्दल हे लिहितोय ते ऐकीव नाही.

सावळीराम लेखक होता. आमच्या वसाहतीत कविता करणारे आणखीही होते. ते जयंतीला मंचावर चढायचे, टाळ्या घ्यायचे, खाली उतरायचे आणि पुढच्या जयंतीपर्यंत कागदाला शिवायचे नाहीत. सावळीराम रोज बसायचा. पहिली पाळी सुटली की घरी येऊन आंघोळ, चहा, आणि मग ओट्यावर मांडीत पाट घेऊन बैठक. दिवसभर सांडशी आवळलेल्या बोटांत पेन धरवत नाही. म्हणून आधी तो बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. त्याची बायको सुमनबाई म्हणायची, "बाळंतीण शेकावी तशी बोटं शेकत्यात रोज. अजून बाळ काही दिसंना."

बाळ दिसायला बरीच वर्षं लागली. लिहिलेलं पान तो दुसऱ्या दिवशी वाचायचा आणि अर्ध्याहून जास्त खोडायचा. लिहिणं म्हणजे सुचणं असं ज्याला वाटतं त्यानं ती खोडलेली पानं बघायला हवी होती. मी बघितली. एखादं प्रकरण झालं की तो माझ्याकडं आणून द्यायचा.

"रावजी, कुठं हात ढिला पडलाय तेवढं सांग. चांगलं काय ते सांगू नको."

मी सांगायचो. तो रागवायचा नाही, पुन्हा बसायचा.

१९९७ साली त्याचं आत्मकथन पुरं झालं. त्याआधी त्याची एक गोष्ट एका दिवाळी अंकात आली होती. ती वाचून शहरातल्या एका प्रकाशकानं त्याला बोलावलं. पुढच्या पावसाळ्यात सगळी पानं वाचून त्यानं पुन्हा बोलावलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर गेलो. प्रकाशक माणूस बोलायला चांगला होता. चहा सांगितला, पंखा आमच्याकडं वळवला.

"निकाळे, तुमचं दुष्काळाचं प्रकरण म्हणजे या पुस्तकाचं काळीज आहे. बहिणीनं भावासाठी केलेला त्याग. वाचक रडणार. बाकीची प्रकरणं मागंपुढं करू, एखादं काढू. हे मात्र हवंच."

"बहिणीला अजून विचारलं नाही," सावळीराम म्हणाला.

"विचारत बसलात तर साहित्य व्हायचं कसं?"

"तुम्हाला बहीण आहे का?"

प्रकाशक हसला. "हे बघा, ते प्रकरण काढणार असाल तर पुस्तक माझ्या कामाचं नाही. दिवाळीच्या आत पक्कं सांगा."

ते प्रकरण मी वाचलेलं होतं. त्यात काय होतं ते सांगतो.

निकाळ्यांचं गाव निफाडच्या पूर्वेला, कालव्याचं पाणी न पोचलेलं. सावळीरामचा बाप गावचा येसकर. गावाची राखण, निरोप, सांगावे, सगळी कामं करायची आणि मोबदला म्हणून तिन्हीसांजेला घराघरांपुढं उभं राहून भाकर मागायची. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी गावोगाव ठराव केले की ही भाकर बंद. त्या गावात ठराव मांडणारा सावळीरामचा बापच होता. येसकराची घुंगरांची काठी त्यानं चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवली आणि मागं न बघता घरी आला. सावळीरामची थोरली बहीण आक्काबाई तेव्हा लहान होती, पण तिनं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आई वारलेली. बाप लांब तलावाच्या कामावर खडी फोडायला, त्याची मजुरी वेळेवर येत नव्हती. आक्काबाईचा नवरा वारलेला, ती माहेरीच होती. सावळीराम दहावीला. घरात दाणा नाही. आणि एके संध्याकाळी आक्काबाई टोपल्यात भाकरी घेऊन आली. म्हणाली, कालव्याकडच्या गावात दळणकांडण केलं, त्याचं मिळालं. सावळीरामनं टोपल्यावरचं फडकं काढलं. एक भाकर जाड, एक पापडासारखी पातळ. एक बाजरीची, दोन ज्वारीच्या, एक गव्हाची पोळी. एकीच्या कडा करपलेल्या, एकीवर पाचही बोटं उमटलेली. एका घरी काम केलं तर एका हातच्या भाकरी मिळतात. या वेगवेगळ्या हातांच्या होत्या. पोराला कळलं. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि पुढं पंचवीस वर्षं दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

प्रकरणाचा शेवट असा होता: माझं शिक्षण सुटू नये म्हणून माझ्या बहिणीनं बापाचा ठराव मोडला, मला जेवू घातलं आणि स्वतः पाणी पिऊन झोपली.

मी वाचलं तेव्हा या शेवटाला काही बोललो नव्हतो. माझेही डोळे भरले होते.

आता आक्काबाई. भाऊ कामाला लागल्यावर ती त्याच्याबरोबर सातपूरला आली आणि दोन गल्ल्या सोडून स्वतंत्र खोली घेऊन राहिली. वसाहतीतल्या महिला मंडळाची ती प्रमुख. पांढरं पातळ, ताठ मान, आवाज खणखणीत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वंदना तोंडपाठ. धम्म घेऊनही कोणाच्या घरात देव्हारा आहे, कोणी नवस केला, कोणी अंगारा लावला, याचा तिला बरोबर सुगावा लागायचा. बायडाबाई म्हणून एक शेजारीण होती. काही वर्षांपूर्वी नातू तापानं फणफणला म्हणून तिनं गुपचूप देवीपुढं नारळ फोडला. आक्काबाईनं तिला विहारात सगळ्यांपुढं उभं केलं.

"आपल्या बापानं काठी चावडीवर ठेवली ती पुन्हा नाय उचलली. आन् तू एका तापापायी वाकली?"

बायडाबाईनं माफी मागितली. पण ती विसरली नाही. आम्हा कोणालाच वाटलं नाही की ती विसरेल.

१९९८ च्या वर्षावासात हे सगळं एकत्र आलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचक सावळीराम. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण तो शब्द गिळायचा नाही. त्या वर्षी सुरुवातीला पावसामुळं बाहेरची कामं लवकर बंद पडायची, माणसं लवकर यायची, वाचन रोज थोडं जास्त व्हायचं, आणि पौर्णिमेच्या आधीच ग्रंथ संपला. आठवडाभराच्या संध्याकाळी रिकाम्या राहिल्या. मंडळाचा चिटणीस रवी पगारे म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

आक्काबाई उठली. "पयल्यापास्नं कशाला? माझ्या भावानं पुस्तक लिवलंय. आपल्या मानसाचं पुस्तक आपुन आधी ऐकायचं का बाहेरच्यांनी?"

टाळ्या पडल्या. मी सावळीरामकडं बघितलं. तो सतरंजीकडं बघत होता. नाही म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं. जे कारण होतं ते तिथं बोलता येत नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी त्यानं लहानपण वाचलं. माणसं हसली, खुलली. आक्काबाई पुढच्या रांगेत बसून मध्येच दुरुस्त्या करत होती.

"तो बैल नव्हता रे, गाय होती. बांडी गाय."

"आईचं लुगडं हिरवं नाय, जांभळं."

सावळीराम थांबायचा, पेन काढायचा, दुरुस्त करायचा. सगळ्यांना त्याची गंमत वाटायला लागली. बायडाबाई म्हणाली, "आक्काच लिवती का काय पुस्तक?" त्यावर आक्काबाईसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी काठी चावडीवर ठेवल्याचं प्रकरण झालं. आक्काबाई पदरानं डोळे पुसत होती. निघताना दारात म्हणाली, "आता शाळंचं, मग दुष्काळाचं. व्हय ना?"

"हो," सावळीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॅमरवर त्याचा हात डायवर रेंगाळला. जॉब ठेवला आणि हात काढलाच नाही. मी पेडल दाबलं नाही. मागून फोरमन ओरडला, जॉब निवून काळा पडला. सावळीरामनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि दुसरा जॉब घेतला.

कॅन्टीनमध्ये मी त्याला म्हणालो, "हात घालवशील. पुस्तक राहू दे, कामावर लक्ष दे."

"ते पान गाळून पुढं जाऊ का?"

"आक्काला कळणार नाही का, दुष्काळ कुठं गेला ते?"

"मग काय करू? वाचलं तर ती गेली. बायडाबाई तिला सोडणार नाही. नाही वाचलं आणि तसंच छापलं, तर एक ना एक दिवस कोणीतरी वाचून दाखवणारच. ते तर अजून वाईट."

"छापूच नको."

त्यानं कप खाली ठेवला. "रावजी, त्या टोपल्यासाठीच तर लिहायला बसलो मी. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे."

"मग आज जा आणि तिला घरी वाचून दाखव. एकटीला. ती नाही म्हणाली तर नाही."

तो गेला. मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो. थोड्या वेळानं तो तसाच परत आला, पानं काखेत.

"काय झालं?"

"लसूण सोलत बसली होती. म्हणाली, घरी नको, मी विहारात सगळ्यांबरोबर ऐकीन. मी म्हणालो, आक्का, आधी ऐक. तर म्हणाली, माझ्यासाठी येगळं वाचाया मी काय परकी हाय का? आणि माझ्या हातात लसूण दिला सोलायला."

"मग?"

"सोलला."

त्या संध्याकाळी शाळेचं प्रकरण झालं. त्यानंतरच्या संध्याकाळी विहार भरला होता. बायकांच्या रांगा दारापर्यंत आलेल्या. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. आक्काबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. सावळीराम बसला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मी भिंतीला टेकून उभा होतो. बसवत नव्हतं.

त्यानं वाचायला सुरुवात केली. आटलेली विहीर, खडीचं काम, बापाचा न आलेला पैसा. कोणी हललं नाही. मग टोपलं आलं. त्यानं भाकरी एकेक करून वाचल्या. जाड भाकर, पातळ भाकर, करपलेली, बोटं उमटलेली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांना तिथंच कळलं. एकीनं तोंडावर पदर घेतला. त्यांना ती भाकर ओळखायला पुढचं वाक्य लागलं नाही.

आक्काबाई ताठ बसली होती. मांडीवरचे हात तेवढे एकमेकांत घट्ट झाले होते.

त्यानं शेवटचं वाक्य वाचलं. शिक्षण, ठराव, जेवू घातलं, पाणी पिऊन झोपली. आणि थांबला. मान वर केली नाही.

बायडाबाईनं आधी तोंड उघडलं. "अगं बाई. म्हंजी भाकर मागितली म्हना की. आन् आमाला तेवढं..."

"थांब," आक्काबाई म्हणाली. बायडाबाईला नाही, भावाला. "हे चुकलंय."

विहारात कुजबुज झाली. बायडाबाई म्हणाली, "सख्ख्या भावानं लिवलंय. चुकंल कसं?"

आक्काबाई उभी राहिली. रवी पगारे मध्ये पडायला उठला, तिनं हातानं त्याला बसवलं.

"मी गेले व्हते. कालव्याकडच्या गावात, वळखीचं कोनी नाय तिथं. दारात उभी राहिले, भाकर वाढा वो माय म्हनले. बापानं सोडलेलं मी पुन्हा केलं. त्येवढं खरंय." मग ती सावळीरामकडं वळली. "पन तुझ्यासाठी नव्हते गेले मी."

सावळीरामनं मान वर केली.

"मला भूक लागली व्हती. तू साळंत जा, नाय तर नको जाऊ, माझ्या ध्यानात तू नव्हताच. पयली भाकर हातात पडली आन् वाटंतच खाल्ली. दुसरी खाल्ली. पोट भरलं तवा तुझी आठवन आली. उरलं ते तुला आनलं. तू लिवतो, बहीन पानी पिऊन निजली. मी पोट भरून निजले. उपाशी पोटी कुनाला झोप येती रे?"

मागं कोणीतरी रडत होतं.

"मागून खाल्लं ही एक चूक झाली. भावासाठी मागितलं म्हनून मिरवायचं, ही दुसरी. ती माझ्या नावावर नको. लिवायचं आसंल तर नीट लिव. नाय तर फाडून टाक."

मग ती चार पावलं चालून खांबाजवळ गेली. तिनं बायडाबाईला उभं केलं होतं ती जागा. "बायडे, तुला हितं उभी केली व्हती मी. आज मी उभी हाय. बोल तुला काय बोलायचं ते."

बायडाबाई तिच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांचं तिच्या तोंडात गोळा झालेलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी म्हणाली, "काय बोलू? नातवाच्या तापात मी नारळ फोडला. तू तुझ्या पोटाच्या तापात... जाऊ दे. बस खाली. गुडघं धरत्याल."

आक्काबाई बसली नाही. "माफी माग म्हन."

"मागितली समज की."

"समज नाय. मागते." आणि तिनं हात जोडून मागितली.

दुसऱ्या दिवशी आमची सुट्टी होती. सावळीराम सकाळी बोटं शेकून ओट्यावर बसला. मी समोर चहाच्या टपरीवर. त्यानं कागदावर रेघ मारलेली लांबून दिसायची, मग दुसरी. त्या प्रकरणातली त्याची आवडती वाक्यं सगळी त्या शेवटावर उभी होती. शेवट गेला की ती जात होती. दुपारी सुमनबाई ताट ठेवून गेली, ते तसंच. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "रावजी, हे प्रकरण मी मनात इतकी वर्षं लिहितोय. आणि ज्या वाक्यावर ते उभं होतं तेच खोटं होतं."

"खोटं नव्हतं. तुला माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर माहीत झालं असतं." आणि तो पुन्हा लिहायला लागला.

पौर्णिमेला त्यानं ते नव्यानं वाचलं. आधीच्यापेक्षा निम्मं होतं. शिक्षण नव्हतं, पाणी पिऊन झोपणं नव्हतं. एक तरणी बाई तिन्हीसांजेला परक्या दारात उभी राहते, भाकर घेते, कालव्याच्या पुलावर बसून खाते, आणि मग फडकं टाकून उरलेलं घरी आणते. कुठं ढिलं नव्हतं. मला सांगायला काही उरलं नाही.

वाचून झालं. सगळे आक्काबाईकडं बघायला लागले. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "पुलावर नाय रे."

"मग?"

"पुलावर मानसं येत-जात असत्यात. त्यांच्यादेखत खाईन का मी? पुलाखाली बसले व्हते."

सावळीरामनं पेन काढलं.

दिवाळीच्या आधी तो प्रकाशकाकडं ती पानं घेऊन गेला. मी बरोबर होतो. या खेपेला प्रकाशकानं ती आमच्यासमोरच वाचली, आणि त्याचा चेहरा पडत गेला.

"अहो निकाळे, त्यागाचं काय झालं? भूक तर सगळ्यांनाच लागते."

"तेच लिहिलंय," सावळीराम म्हणाला.

"वाचकाला यात धरायला काय आहे? आधीचा शेवट ठेवा. बहिणीला काय कळणार आहे, त्या वाचत थोड्याच आहेत?"

सावळीरामनं पुढं हात करून पानं मागून घेतली. ती नीट सारखी केली, पिशवीत ठेवली. प्रकाशकाचा चहा आला होता, तो आम्ही प्यायलो आणि निघालो. इतक्या वर्षांचं काम पिशवीत परत चाललं होतं. पिशवीवरचा हात मात्र ढिला नव्हता. मी मुद्दाम बघितलं.

पुस्तक २००३ साली आलं, मनमाडच्या एका लहान प्रकाशनाकडून. कागद जाडाभरडा, मुखपृष्ठावर नुसती अक्षरं. परीक्षणं फार आली नाहीत. एका मासिकानं लिहिलं की दुष्काळाचं प्रकरण कोरडं झालं आहे. सावळीरामनं ते कात्रण मला दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

प्रकाशनाचा कार्यक्रम विहारातच केला. मंचावर पाहुणे नव्हते. पहिली प्रत आक्काबाईच्या हातात दिली. तिनं ती उलटी-सुलटी करून बघितली आणि भावाच्या हातात परत दिली.

"वाच. ती जागा वाच."

त्यानं पान काढलं आणि वाचून दाखवलं. पुस्तकात पुलाखालीच आहे.